वापसीचा रकाना

तायडे बाबूंसमोर बसून कुणी "मी जाऊन राहिलो" म्हटलं, की ते हातातलं पेन खाली ठेवत. रागावत नसत. पेनाला टोपण लावत, उजव्या कानाची पाळी दोन बोटांत धरत, आणि मग म्हणत, "पुन्यांदा सांगा. दुसऱ्या शब्दात सांगा."

समोरच्याला काही कळत नसे. अकोल्यातला माणूस जन्मल्यापासून जाऊन राहतो, येऊन राहतो, जेवून राहतो आणि झोपून राहतो. "मी बाजारात जाऊन राहिलो" म्हणजे मी बाजारात चाललोय, एवढंच. पण मी पुण्याची. लग्न होऊन इथं आले त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात सासूबाई चपला घालता घालता म्हणाल्या, "मी अमरावतीले जाऊन राहिली," आणि मी अगत्यानं विचारलं, "हो का? किती दिवस राहिलात?" त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मला तीस वर्षांनी अजून आठवते. आमच्याकडे जाऊन राहणं म्हणजे जायचं आणि तिथंच मुक्काम ठोकायचा. तीस वर्षांत मी इथलं ऊन पचवलं, ठेचा पचवला, पण हे 'राहिलो' काही माझ्या तोंडात बसलं नाही. तायडे बाबूंशी माझं जमलं ते बहुधा त्यामुळेच. त्या शब्दातला मुक्काम ऐकू येणारी आमच्या गल्लीत आम्ही दोघंच होतो. मला तो ऐकू यायचा कारण मी परगावची. त्यांना ऐकू यायला लागला त्याचं कारण वेगळं होतं.

बस स्टँडच्या मागच्या गल्लीत माझा फोटो स्टुडिओ आहे. नवऱ्यानं थाटला, पण त्याला कॅमेऱ्यापेक्षा क्रिकेट जास्त आवडतं, म्हणून चालवते मी. तायडे बाबू तहसील कार्यालयातून कारकून म्हणून निवृत्त झाले आणि महिन्याभरातच माझ्याकडे आले. जिन्याखाली एक टेबल टाकू देता का, म्हणाले. व्हिसासाठी फोटो काढायला लोक तुमच्याकडे येतातच, फॉर्म मी भरून देईन, दोघांचंही काम होईल. बोलणं चोख, शर्ट पांढरा आणि अर्ध्या बाह्यांचा, खिशात एक काळं पेन, एक निळं. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते एक लाकडी टेबल, एक स्टीलची पट्टी आणि सरकारी नोकरीतली तिकिटं ओली करायची स्पंजची डबी घेऊन हजर झाले. वर एक पाटी लावली, 'परदेशी जाण्याचे फॉर्म भरून मिळतील'. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'व वापस येण्याचे'. मला वाटलं विनोद असेल.

माणसं त्यांच्याकडे खोकल्याचं औषध मागितल्यासारखी येत. व्हिसा पायजे, म्हणत. तायडे बाबू विचारत, "कोणता? फिराले जाता, भेटाले जाता, का राहाले जाता?" फिरायला असेल तर टुरिस्ट. मुलाकडे, मुलीकडे असेल तर भेटीचा. काही देशांचा मोबाईलवर निघतो, काहींचा विमानतळावर उतरल्यावर मिळतो, काहींसाठी मुंबईला जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात. हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं, आणि विमानात तर ते आयुष्यात एकदाही बसले नव्हते. एकदा अमरावतीचं एक जोडपं युरोपची सहल ठरवून आलं. मध्येच तीन दिवस लंडनला जाऊन पुन्हा पॅरिसला यायचं होतं आणि कुणीतरी त्यांना एकवेळचा व्हिसा पुरतो म्हणून सांगितलं होतं. तायडे बाबूंनी त्यांच्या सहलीचा कागद उलटसुलट पाहिला आणि सांगितलं की लंडनला गेलात की मागचं दार बंद, पुन्हा आत शिरायला दुसऱ्यांदा परवानगी लागते. त्या बाईंचा चेहरा असा उतरला, जणू त्या आत्ताच दाराबाहेर उभ्या होत्या.

फॉर्म ते उलटा भरत. नाव, गाव, जन्म हे सगळं नंतर. आधी परत यायच्या तारखेचा रकाना शोधत आणि तो काळ्या पेनानं भरत. पहिले वापसी, मंग जाणं, असा त्यांचा नियम होता. आणि सगळं भरून झालं की प्रत्येकाला एकच सल्ला देत, की निघायच्या आधी शिंप्याकडे एक कापड टाकून जा. आल्यावर घ्यायचं. मी विचारलं हे कशाला, तर म्हणाले बँकेची, शेताची, नोकरीची कागदं साहेबाला दाखवायला असतात, आणि शिंप्याकडचं कापड स्वतःला. आमच्या गल्लीतल्या शिंप्याचा धंदा त्यांनी बराच वाढवला.

अचलपूरच्या एका गृहस्थांची गोष्ट सांगते, म्हणजे त्यांचं वेड कुठल्या जातीचं होतं ते कळेल. त्यांचा मुलगा इंग्लंडात होता. त्यांनी स्वतःच्या हातानं मराठीत एक पत्र लिहिलं आणि ते मुंबईतल्या कुणा भाषांतरकाराकडून इंग्रजी करून अर्जाला जोडलं. पत्रात लिहिलं होतं, मी मुलाकडे जाऊन राहिलो आहे, माझी पत्नीही सोबत येऊन राहिली आहे. भाषांतरकार आमच्या पुण्याकडचा असावा. त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं की अर्जदार मुलाकडे जाऊन स्थायिक झाले आहेत आणि पत्नीही तिथंच येऊन राहते. व्हिसा नाकारला गेला. ते नकाराचं पत्र घेऊन आमच्याकडे आले तेव्हा मी हसून हसून डोळे पुसले. ते गृहस्थही हसले. तायडे बाबू मात्र हसले नाहीत. भाषांतरवाल्याची काही चूक नाही, कागदावर होतं तेच त्यानं वाचलं, एवढंच म्हणाले. मग त्यांनी त्या साठीच्या माणसाला समोर बसवून, मी जाणार आहे आणि वापस येणार आहे, असं तीन वेळा मोठ्यानं म्हणायला लावलं. ते गृहस्थ गेले, दोन महिन्यांनी सुखरूप आले, आणि मला चहाचा एक सुंदर डबा देऊन गेले. तेव्हाही मला हे सगळं गमतीचंच वाटत होतं.

गंमत संपली ती त्यांच्या टेबलाच्या खणामुळे. एकदा ते जेवायला घरी गेले असताना मला स्टेपलर हवा होता. खणात सगळ्यात वर एक भरलेला फॉर्म होता, जर्मनीचा. अर्जदाराचं नाव वासुदेव तायडे, गाव हिवरखेड, जिल्हा अकोला. प्रत्येक चौकटीत एक अक्षर, कुठंही रेघेला धक्का नाही. भेटीचं कारण, मुलीचं नाव, पत्ता, सगळं होतं. फक्त परत यायच्या तारखेचा रकाना कोरा होता. त्याच्याखाली आणखी तसेच फॉर्म होते, एकेका वर्षाचे, आणि प्रत्येकात तो एकच रकाना कोरा होता. जो माणूस जगाची वापसी आधी भरायचा, त्याची स्वतःची भरायची राहिली होती.

मी खण लावला, पण त्यांना कळलंच. दुपारी आपणहूनच बोलले. मुलगी प्रज्ञा जर्मनीत असते. पहिल्या बाळंतपणाला आई पाहिजे म्हणाली. बाबूंना रजा मिळाली नाही, म्हणून कमलबाई एकट्या गेल्या. फॉर्म बाबूंनीच भरला होता, आयुष्यातला पहिला. अकोला स्टेशनवर गाडी हलली तेव्हा शेजारीण खिडकीशी धावत आली आणि विचारलं, कुठं निघाल्या कमलताई? कमलबाई खिडकीतून हसून म्हणाल्या, "पोरीकडे जाऊन राहिली वो." आणि त्या खरोखरच राहिल्या. नातू दीड महिन्याचा होता तेव्हा रक्ताची एक गाठ फुप्फुसात अडकली आणि दोन दिवसांत सगळं संपलं. तिथल्या नियमानं अस्थी घरी ठेवता येत नाहीत. त्या कलशासकट तिथल्याच मातीत ठेवल्या. बाबूंनी ते सगळं फोनवर पाहिलं, ऑफिसच्या टेबलाशी बसून.

"फॉर्मवर इचारते ना मॅडम, ड्युरेशन ऑफ स्टे," ते म्हणाले. "स्टे म्हंजे राहणं. म्या माह्याच हातानं लिवलं होतं."

त्यांना एकच हवं होतं. एकदा तिथं जायचं, कमलबाईंच्या जागेवर उभं राहायचं आणि मूठभर माती उचलून हिवरखेडला आणायची. बायको परत आणायची, असंच ते म्हणत. आणि एकाच गोष्टीची भीती होती, की आणायला गेलेला माणूसही तिकडंच राहील. दर रविवारी प्रज्ञाचा फोन येई. पप्पा, फॉर्म टाकला का? टाकतो बेटा, ते म्हणत. मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा. शब्दाला घाबरून पोरीचं तोंड पाहायचं टाळणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पण मग ते अमरावतीचे नऊ जण आले. एका वर्गात शिकलेले, पन्नाशीचे, थायलंडला निघालेले. दुपारभर माझ्या स्टुडिओत नुसता दंगा. त्यांतला एक चित्रकलेचा मास्तर होता, सगळ्यांत हसरा. व्हिसाच्या फोटोत हसायचं नसतं हे त्याला सांगून सांगून मी थकले. शेवटी दरडावलं तेव्हा कुठं त्यानं तोंड मिटलं. बाहेर बाबू एकेकाचा अर्ज भरत होते. मास्तरची बायको फोनवर काहीतरी कुरकुरत असावी, कारण तो मोठ्यानं म्हणाला, "आता अडवू नको वो. मी जाऊन राहिलो म्हंजे राहिलोच."

बाबूंनी पेनाला टोपण लावलं. कानाची पाळी धरली. मग आठ अर्ज एकावर एक रचून त्यांच्या हातात दिले आणि नववा बाजूला ठेवला. याचा मी भरत नाही, म्हणाले. का, ते सांगेनात. दुसऱ्या शब्दात बोला, असं त्यांनी मास्तरला दोनदा सांगून पाहिलं. तो हसतच सुटला. शेवटी कुणीतरी त्याचा अर्ज मोबाईलवर दहा मिनिटांत भरून टाकला आणि सगळे चहा पिऊन गेले. मला बाबूंचा फार संताप आला. माझ्या दारात आलेल्या माणसाचा त्यांनी अपमान केला होता.

आठ जण परत आले. मास्तर तिसऱ्या दिवशी हॉटेलात दुपारी जरा पडतो म्हणून आडवा झाला, तो उठलाच नाही. त्याचे मित्र माझ्याकडे आले ते त्याचा फोटो मोठा करून मागायला. दुसरा कुठलाच चांगला नव्हता म्हणे, सगळ्यांत तो तोंड वासून हसत होता. हार घालायला गंभीर फोटो लागतो, आणि त्याचा आयुष्यातला एकमेव गंभीर फोटो मी काढला होता, दरडावून. तो मी स्क्रीनवर मोठा केला. पांढऱ्या पडद्यापुढून तो सरळ माझ्याकडे पाहत होता.

मी बाबूंना म्हटलं, पन्नाशीचा माणूस, तेलकट खाणं, प्रवासाची दगदग, हे कुठंही होऊ शकतं.

"मी बी तेच म्हणतो," ते म्हणाले. "पण कान दुखते तं काय करू?"

धारणीकडे नोकरी करून निवृत्त झालेल्या एका परिचारिकाबाईंच्या वेळी मी त्यांना पकडलंच होतं. बाई मुलीकडे कॅनडाला निघाल्या होत्या. त्यांच्या तोंडून तो शब्द आला आणि बाबूंनी पंधरा दिवस काहीबाही कारणं काढून फॉर्म रखडवला. शेवटी त्या गेल्या, आणि तीन महिन्यांनी ठणठणीत परत येऊन चॉकलेटचा डबा देऊन गेल्या. मी तो डबा त्यांच्या टेबलावर आपटलाच. घ्या, म्हटलं, राहिलेली बाई चॉकलेट घेऊन आलीये. त्यांनी एक खाल्लं, बरं झालं म्हणाले, आणि खरंच त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता. चार-पाच महिन्यांनी कळलं की बाईंनी अकोल्यातलं घर विकलं आणि त्या कायमच्या तिकडं गेल्या. मी काही बोलायच्या आत बाबू म्हणाले, "आल्या कुठी होत्या मॅडम? घर विकाले आल्या होत्या."

त्यानंतर मीसुद्धा ऐकायला लागले. घरातून कुणी बाहेर पडताना माझा जीव कानात यायचा. मुलगा नागपूरला परीक्षेला निघाला आणि त्याच्या तोंडून सवयीनं ते गेलं, तर मी त्याला जिन्यावरून परत वर बोलावलं आणि 'येतो' म्हणायला लावलं. तो म्हणाला, आई, तू तायडे काकांसारखी करायला लागलीस. मला हसू आलं नाही.

बाबूंचा तो रकाना कधी भरला गेला नसता. भरला गेला तो नातवामुळे. एका रविवारी फोन स्पीकरवर होता. प्रज्ञाला दुसरं मूल व्हायचं होतं आणि ती पुन्हा तेच विनवत होती. मध्येच पोरानं फोन हिसकावला. त्याचं मराठी तिकडचं, अडखळणारं. त्यानं विचारलं, "आजोबा, तू फोनमध्येच राहते का?"

बाबू हसले. मग हात कानाकडे गेला, पण अर्ध्यावरूनच त्यांनी तो खाली घेतला. फोन ठेवल्यावर बराच वेळ टेबलावरची पट्टी सरळ करत बसले. राहण्याच्या इतक्या जागा त्यांना माहीत होत्या, पण आपण फोनमध्ये राहतो हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच ते आत आले आणि पांढऱ्या पडद्यापुढच्या स्टुलावर बसले. इतक्या वर्षांत ते तिथं पहिल्यांदाच बसत होते. मी दिवे लावले. हनुवटी जरा वर घ्या म्हटलं. त्यांना हसू नका असं सांगावं लागलं नाही.

"मॅडम," ते कॅमेऱ्याकडे पाहतच म्हणाले, "तारीख तुमी सांगा. माह्या हातानं लिवली तं ती कमलसारखी होईन."

मला ते इतकं साधं वाटलं. भिंतीवर कॅलेंडर होतं. मी पान उलटलं. पोळा दिसला. म्हटलं, पोळ्याच्या आदल्या दिवशी या. सणाला घरी असा. हिवरखेडला भावाच्या बैलजोडीला पाहायला जाता ना दरवर्षी? त्यांनी मान हलवली, बाहेर जाऊन खणातला फॉर्म काढला आणि काळ्या पेनानं तो रकाना भरला. मी काचेतून पाहत होते. भरून झाल्यावर त्यांनी त्यावर फुंकर घातली. मला वाटलं आपण केवढं मोठं काम केलं. त्या दिवशी मी घरी शिरा केला.

व्हिसा आला. निघायच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ते किल्ली द्यायला आले, टेबलाच्या खणाची आणि घराची, दोन्ही. खांद्याला पिशवी, हातात बॅग, आणि इतक्या उन्हात अंगात स्वेटर, कारण तो बॅगेत मावत नव्हता. मी विचारलं, शिंप्याकडे कापड टाकलं का? टाकलं, म्हणाले. आता ते निरोपाला काय म्हणतील याकडे माझे कान लागले होते. दुसऱ्यांना चार वर्षं शिकवलेलं ते स्वतः विसरले तर, असं मला वाटत होतं. ते पायरी उतरले, वळले. चेहरा तोच, फोटोतला. मग म्हणाले, "येऊन राहिलो मॅडम."

मला हायसं वाटलं. जायच्या वेळी कुणी 'येऊन राहिलो' म्हणत नाही, पण मला वाटलं त्यांनी शब्दाला चकवलं. पांढरा शर्ट, वर तपकिरी स्वेटर, आणि रिक्षेत आधी बॅग ठेवून मग बसणारे तायडे बाबू. मी त्यांना पाहिलं ते तेवढंच शेवटचं.

त्यांचे फोटो यायचे. नातवाला कडेवर घेतलेले, नव्या नातीला मांडीवर घेतलेले, एका हिरव्या जागेत लहानशा दगडापाशी उभे. त्या फोटोत त्यांनी स्वेटर काढून हातावर घेतला होता. खाली लिहिलं होतं, कमलची भेट झाली. मी तो फोटो नवऱ्याला दाखवला.

पोळ्याला दोन-अडीच आठवडे असताना प्रज्ञाचा फोन आला. बाबू जेवून खिडकीशी खुर्चीत बसले होते. ती चहा घेऊन गेली तेव्हा खुर्चीतच त्यांचा प्राण गेला होता. बॅग भरून दाराशी ठेवलेली होती, म्हणाली. आल्यानंतर आठच दिवसांनी त्यांनी ती भरली होती आणि पुन्हा उघडू दिली नव्हती. मी फोनवर मोठ्यानं रडले. गिऱ्हाईक समोर बसलेलं होतं, तरी रडले. तारीख मी सांगितली होती, आणि ती चुकली असं मला वाटत होतं.

पुढचं प्रज्ञानं नंतर सांगितलं. आईला तिथं ठेवलं, पण पप्पांना ठेवायचं नाही, असं तिनं ठरवलं. कलश देशाबाहेर न्यायचा तर तिथल्या कचेऱ्यांची कागदं लागतात. एक कागद आला की दुसरा अडायचा. मग सगळे एका दिवशी मिळाले आणि दुसऱ्याच दिवसाच्या विमानात एक जागा होती. ती तान्ह्या मुलीला घेऊन निघाली. अकोल्यात उतरली आणि घराची किल्ली माझ्याकडे म्हणून थेट स्टुडिओत आली. मांडीवर मुलगी, पायाशी ती बॅग, आणि टेबलावर पांढऱ्या कापडात बांधलेला कलश. बाहेर गल्लीत बैलांच्या झुली आणि घुंगरांची दुकानं लागली होती.

किल्ल्यांबरोबर मी खणही उघडून दिला. वरच त्यांच्या फॉर्मची झेरॉक्स होती. प्रज्ञानं ती वाचली, मग मोबाईल काढून पाहिला, मग परत कागदाकडे पाहिलं. मला विचारावं लागलं नाही. उद्या पोळा होता. काळ्या पेनानं रकान्यात लिहिलेली तारीख आजची होती.

ती म्हणाली, "पप्पाले तारीख कुणी सांगतली होती?"

मी म्हटलं, "मी."

तिनं बॅग उघडली. कपड्यांच्या खाली, रुमालात गुंडाळलेली, स्पंजची ती जुनी डबी होती. तिच्यात स्पंज नव्हता, काळसर माती होती. तिनं ती कलशाशेजारी ठेवली.  मुलगी झोपली होती. दोन दिवसांनी हिवरखेडला घरामागच्या जागेत बुद्धवंदना झाली, दोन्ही एकाच खड्ड्यात ठेवलं आणि वर लिंबाचं रोप लावलं.

परतल्यावर मी शिंप्याकडे गेले. बाबूंचं कापड शिवून झालं असेल तर प्रज्ञाला द्यावं म्हणून. त्यानं फडताळातून काढून दाखवलं. पांढरंच, शर्टाचं, अजून कातरलेलंही नव्हतं. मी म्हटलं, अहो, अडीच-तीन महिने झाले. तो ओशाळला. म्हणाला, "त्याईनंच सांगतलं होतं मॅडम. घाई नाई म्हणे."

मी घरी आले आणि रात्रभर जागी राहिले असं नाही, झोप लागली. पण सकाळी उठल्या उठल्या मला त्यांचं पायरीवरचं वळणं आठवलं आणि कळलं की त्यांनी शब्दाला चकवलं नव्हतं. त्यांनी तो निवडला होता. चहा गाळताना मी ते मनातल्या मनात पुण्याच्या कानानं पुन्हा ऐकलं: येणार, आणि मग इथंच राहणार.

टेबल मी काढलं नाही. पाटीही तशीच आहे. माणसं येतात, बाबू कुठे म्हणून विचारतात, मी काय झालं ते सांगते आणि ती हळहळून जातात. गेल्या आठवड्यात तेल्हाऱ्याकडची एक म्हातारी आली, एकटीच, काखेत प्लास्टिकची फाईल. मुलगा दुबईला आहे, पहिल्यांदाच जायचं, कोणता व्हिसा भरायचा ते तिला विचारायचं होतं. तिनं जिन्याखालच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि विचारलं, "बाबू कुठी हायेत?"

मी तोंड उघडलं ते नेहमीचं सांगायलाच. पण तीस वर्षांत जे कधी आलं नव्हतं ते आलं.

"येऊन राहिले," मी म्हटलं.

म्हातारीनं मान हलवली. फाईल टेबलावर ठेवली आणि समोरच्या बाकावर वाट पाहत बसली. मी उठले आणि त्या बाजूचा पंखा लावला.